प्रवेश मिळालेल्या कॉलेजात एक रात्र राहायला जाताना

न्यू जर्सीतल्या एडिसनच्या एका आईचा प्रश्न आहे. मुलगी बारावीत, वय सतरा. मार्चअखेर पाच कॉलेजांत प्रवेश मिळाल्याची पत्रे आली. त्यांतल्या दोन लांबच्या कॉलेजांनी एप्रिलमध्ये एक रात्र कॅम्पसवर राहायला बोलावले आहे, तिथल्याच एखाद्या विद्यार्थिनीच्या खोलीत. आई-वडिलांची सोय त्यात नाही. एकटीला पाठवावे का, पाठवायचे तर काय तयारी करावी, आणि एका रात्रीत असे काय कळणार, असे त्यांनी विचारले आहे.

पाठवाच. मी इथे न्यू जर्सीत बारावीच्या मुलांना कॉलेज प्रवेशाचे मार्गदर्शन करते. दिवसाची टूर आणि रात्रीचा मुक्काम यांतले एकच जमणार असेल, तर मुक्काम करा, हे मी प्रत्येक पालकाला ठामपणे सांगते. टूरचा रस्ता प्रवेश कार्यालयाने आखलेला असतो. कुठल्या इमारतीसमोर थांबायचे, कुठली खोली उघडून दाखवायची, सगळे ठरलेले. रात्रीच्या जेवणापासून दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या तासापर्यंतचा वेळ मात्र कुणी आखून दिलेला नसतो. मुले अभ्यासाला कुठे बसतात, एकमेकांना मदत करतात की दार लावून घेतात, मंगळवारी रात्री अकरा वाजता लाउंजमध्ये कुणी असते का, हे त्याच वेळात दिसते. या मुक्कामाची सगळी आखणी हा मोकळा वेळ राखण्यासाठी करायची, एवढे धरून चाला.

पण त्याआधी पैशाचा हिशेब. मुलगी कॅम्पसवर जाऊन यायच्या आत तुम्हा दोघांना त्या कॉलेजचा खरा वार्षिक खर्च माहीत हवा. आर्थिक मदतीचे पत्र काढा, एकूण खर्चातून फक्त ग्रँट (परत न करायची मदत) आणि स्कॉलरशिप वजा करा. उरतो तो तुमचा खर्च. पत्रात कर्ज आणि वर्क-स्टडी (शिकताना करायची नोकरी) हेही ‘मदत’ म्हणून त्याच रांगेत लिहिलेले असतात, ते वजा करू नका. कर्ज फेडायचे असते, आणि वर्क-स्टडीचे पैसे काम केल्यावर हातात येतात. पहिल्या वर्षाच्या मुलाला स्वतःच्या नावावर सरकारी कर्ज जास्तीत जास्त ५,५०० डॉलर मिळते, म्हणजे मोठी दरी त्याने भरून निघत नाही. एखादे कॉलेज तुमच्या आवाक्याबाहेर असेल आणि फेरविचाराचा अर्ज करूनही आकडा हलला नसेल, तर तिथे मुक्कामाला पाठवू नका. सतराव्या वर्षी एका रात्रीत जीव जडतो, आणि मग जेवणाच्या टेबलावर आईबापांना ‘नाही’ म्हणावे लागते. मार्चअखेर कागदावर ‘नाही’ म्हणणे दोघांनाही सोपे जाते.

आता आमंत्रणाविषयी. नावे वेगवेगळी असतात. एमआयटीचा कॅम्पस प्रिव्ह्यू वीकेंड, येलचे बुलडॉग डेज, ब्राउनचा अ डे ऑन कॉलेज हिल, डार्टमथचे डायमेन्शन्स. नावात ‘डे’ आहे की ‘वीकेंड’, यावरून मुक्काम आहे की नाही ते कळत नाही. कोविडनंतर काही कॉलेजांनी रात्रीचा भाग बंद करून फक्त दिवसाचा कार्यक्रम ठेवला, काहींनी तो पुन्हा सुरू केला. म्हणून यंदाचे पत्र नीट वाचा, मोठ्या भावंडांचा अनुभव गृहीत धरू नका. मुक्काम नसेल तर प्रवेश कार्यालयाला मुलीनेच साधी ईमेल लिहावी: मला प्रवेश मिळाला आहे, अमुक विषय घ्यायचा विचार आहे, एखाद्या विद्यार्थिनीबरोबर एक रात्र राहण्याची आणि एका तासाला बसण्याची सोय होऊ शकेल का? छोट्या कॉलेजांत बरेचदा हो म्हणतात. प्रवासखर्चाचेही त्याच ईमेलमध्ये विचारावे. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांतील मुलांना काही कॉलेजे विमानाचे किंवा बसचे तिकीट स्वतः काढून देतात, पण पुष्कळदा ते विचारल्यावरच कळते.

तारीख निवडायला वाव असेल तर थोडा विचार करा. बहुतेक कॉलेजांना १ मेपर्यंत उत्तर द्यायचे असते आणि एपीच्या (शाळेतच घेतलेल्या कॉलेज पातळीच्या विषयांच्या) परीक्षा मेच्या पहिल्या दोन आठवड्यांत येतात. एप्रिलचा शेवटचा आठवडा त्यामुळे अभ्यासासाठी सोडलेला बरा. शनिवारच्या रात्रीपेक्षा रविवार, सोमवार किंवा बुधवारची रात्र मी पसंत करते, कारण दुसऱ्या दिवशी खरे वर्ग भरलेले असतात. दोन कॉलेजांची तुलना करताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. सेमिस्टर पद्धतीच्या कॉलेजात एप्रिल म्हणजे सत्राचा शेवट, प्रोजेक्ट आणि पेपर अंगावर आलेले, मुले थकलेली. क्वार्टर किंवा ट्रायमेस्टर पद्धतीत वसंतातले सत्र नुकतेच सुरू झालेले असते, त्यामुळे सगळे ताजेतवाने दिसतात. डार्टमथ किंवा कार्लटनला एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात गेलेली मुलगी आणि एखाद्या सेमिस्टरवाल्या कॉलेजात एप्रिलअखेर गेलेली मुलगी यांना दिसणारे चेहरे वेगळे असणारच. ‘तिथली मुले जास्त खूश वाटली’ एवढ्यावरून निवड करू नये, हे तिला आधीच सांगा.

हवेचेही तसेच. भाड्याचे घर पावसाळ्यात बघावे असे आपल्याकडे म्हणतात, म्हणजे कुठे गळते ते दिसते. ईशान्येकडच्या कॅम्पसांचा एप्रिल म्हणजे अगदी उलटा मोसम. झाडांना बहर, हिरवळीवर मुले बसलेली, सगळे देखणे. फेब्रुवारीत तिथे साडेपाचला अंधार पडतो आणि वसतिगृहापासून प्रयोगशाळेपर्यंत बर्फातून चालावे लागते. तेव्हा होस्टला, म्हणजे जिच्या खोलीत राहायचे त्या विद्यार्थिनीला, आवर्जून विचारावे: फेब्रुवारीत तुझा एक दिवस कसा जातो?

कागदपत्रांचा भाग कंटाळवाणा आहे, पण त्यातच लोक अडकतात. अठराच्या आतल्या मुलीसाठी कॉलेज एक जबाबदारीचा फॉर्म आणि वैद्यकीय उपचारांची परवानगी मागते, त्यावर पालकाची सही लागते. हे दोन्ही फॉर्म भरून, सही करून, एक प्रत तिच्या बॅगेत कागदावर ठेवा. विम्याच्या कार्डाच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स, नेहमीची औषधे मूळ डबीत, तीव्र ॲलर्जी असेल तर एपिपेन (तातडीचे इंजेक्शन). ॲलर्जी फॉर्ममध्ये लिहून थांबू नका, होस्टचे नाव कळले की तिलाही कळवा. शाळेत कॉलेज भेटीच्या रजेचा वेगळा फॉर्म असतो, तो आधी भरला की गैरहजेरी लागत नाही. देशांतर्गत विमानप्रवासात अठराच्या आतल्या मुलांना टीएसए, म्हणजे विमानतळावरची सुरक्षा यंत्रणा, ओळखपत्र मागत नाही. पण मार्चमध्येच अठरा पूर्ण झाली असतील तर मे २०२५ पासूनच्या नियमाप्रमाणे रिअल आयडी (केंद्राच्या निकषांप्रमाणे काढलेला वाहनपरवाना किंवा राज्याचे ओळखपत्र) किंवा पासपोर्ट लागतो. शाळेचे ओळखपत्र एवीतेवी बरोबर असू द्या.

प्रवासात खरी अडचण येते ती गाडी किंवा विमान रद्द झाल्यावर. सतरा वर्षांच्या मुलीला पुष्कळ हॉटेले खोली देत नाहीत. काहींची अट अठराची, काहींची एकवीसची. उबरचे नेहमीचे खातेही अठरानंतरच मिळते. किशोरांसाठीचे खाते पालकांच्या खात्याला जोडून काढता येते, पण ते त्या शहरात चालते का ते आधी बघावे लागते. म्हणून शेवटचे विमान किंवा शेवटची बस धरू नका. दुपारी निघणारे तिकीट काढा, म्हणजे ते रद्द झाले तरी त्याच दिवशीचे दुसरे मिळायची शक्यता राहते. त्या शहरात किंवा जवळपास ओळखीचे एक घर शोधून ठेवा. आपल्या माणसांचे जाळे इथे फार उपयोगी पडते. बोस्टन असो, पिट्सबर्ग असो, मराठी मंडळातल्या कुणाच्या तरी मावशी-काकांचा नंबर निघतोच. तो नंबर मुलीच्या फोनमध्ये आणि एका चिठ्ठीवरही असू द्या. ईशान्येत ॲमट्रॅकची रेल्वे सोयीची पडते, सोळा वर्षांवरच्या मुलांना एकट्याने जाता येते.

आता तुम्हा आई-वडिलांविषयी. सोडायला गाडीने जाणार असाल तर जरूर जा. दिवसाच्या कार्यक्रमात पालकांसाठी वेगळी सत्रे असतात, ती ऐका. त्यापेक्षा महत्त्वाचे म्हणजे आर्थिक मदत कार्यालयात आधी वेळ घेऊन भेटा आणि चारही वर्षांचे विचारा. स्कॉलरशिप टिकवायला किती जीपीए (गुणांची सरासरी) लागतो? दुसरे भावंड कॉलेजात गेले किंवा बाहेर पडले तर रक्कम कशी बदलते? फी दरवर्षी किती वाढत आली आहे? हे काम तुम्ही केलेत की मुलीच्या डोक्यावर ते राहत नाही. संध्याकाळी मात्र कॅम्पस सोडा. अर्ध्या तासावरच्या मोटेलमध्ये राहा, कॅम्पसवरच्या हॉटेलात नको. आई-बाबा पाचच मिनिटांवर आहेत हे माहीत असले की मुलगी होस्टबरोबर जेवायला न जाता तुमच्याबरोबर जेवायला येते.

फोन एकदाच करायचा, वेळ ठरवून, साधारण रात्री दहाला, दोन मिनिटे. त्याखेरीज एक खुणेचे वाक्य ठरवा. माझ्याकडच्या एका कुटुंबाने ठरवले होते: ‘आजीचा फोन आला होता का?’ असा मेसेज मुलीकडून आला की आई लगेच फोन करून घरी काही काम निघाल्याचे सांगणार आणि बाबा गाडी काढणार. चारचौघांत कारण न देता मुलीला बाहेर पडता येते. ते वाक्य त्या मुलीला वापरावे लागले नाही, पण ते आहे म्हणून आई त्या रात्री झोपू शकली.

मिश्र वसतिगृहाचे बोलणेही आधीच होऊ द्या. बहुतेक ठिकाणी एकाच मजल्यावर मुले-मुली राहतात, काही ठिकाणी न्हाणीघरेही सामाईक असतात. होस्ट बहुधा मुलगीच मिळते, तरी फॉर्ममध्ये पसंती विचारली असेल तर संकोच न करता लिहा. सुरक्षेची काळजी असेल तर ऐकीव गोष्टींवर जाऊ नका. १९९०च्या क्लेरी कायद्यानुसार केंद्र सरकारची आर्थिक मदत घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजला मागच्या तीन वर्षांतल्या कॅम्पसवरच्या गुन्ह्यांचे आकडे दरवर्षी १ ऑक्टोबरपर्यंत प्रसिद्ध करावे लागतात. कॉलेजच्या संकेतस्थळावर तो अहवाल असतो. वीस मिनिटे देऊन वाचा.

इथून पुढचे मुलीसाठी. ताई, तुम्ही हे तिला वाचायला द्या.

सामान पाठीवर बसेल एवढेच घे, कारण ते दिवसभर तुझ्याबरोबर फिरणार. झोपायचे जमिनीवरच, म्हणून स्लीपिंग बॅग लागेल. कॉलेज देणार आहे का ते पत्रात बघ. टॉवेल, न्हाणीघरात घालायच्या सपाता, कानात घालायचे बोळे, पॉवर बँक, एक छोटी वही. होस्टसाठी काहीतरी खायचे ने. रात्री अकराला वसतिगृहात सगळ्यांनाच भूक लागते. आईच्या हातच्या चकल्यांचा डबा लाउंजच्या टेबलावर उघडून ठेवलास की चार जणी आपोआप येऊन बसतात आणि गप्पा सुरू होतात. चिवडा नको, त्यात शेंगदाणे असतात आणि कुणाला ॲलर्जी आहे ते तुला माहीत नसते.

जायच्या आधी कार्यक्रमपत्रिका समोर घे आणि तिच्यातले निम्मे खोडून टाक. एमआयटीच्या वीकेंडला तर दिवसरात्र मिळून शेकडो छोटे-मोठे कार्यक्रम असतात, सगळे बघायला गेलीस तर एकही नीट दिसणार नाही. तुझ्या विषयाच्या विभागाची सभा ठेव, एक वर्ग ठेव, एक जेवण ठेव. आइस्क्रीमचा कार्यक्रम, टी-शर्ट वाटप, लॉनवरचे खेळ यांत तुला तुझ्यासारखीच नवी मुले भेटतात, आणि त्यांतली कित्येक शेवटी दुसऱ्याच कॉलेजात जातात. ती छान वाटली म्हणून कॉलेज छान ठरत नाही. रूममेटही तिथल्या तिथे ठरवू नकोस.

संध्याकाळी होस्टला सांग, ‘तू एरवी जे करतेस तेच कर, मी बरोबर येते.’ हे एक वाक्य फार काम करते. होस्ट बहुतेक पहिल्या वर्षाची, हौसेने नाव दिलेली मुलगी असते. पाहुणीला काहीतरी भारी दाखवले पाहिजे असे तिला वाटत असते. तो भार तिच्यावरून उतरव.

माझ्या एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगते. त्याला इंजिनीअरिंग करायचे होते आणि दोन कॉलेजांत तो अडकला होता, दोन्ही रँकिंगमध्ये आसपास. पहिल्या कॉलेजात होस्ट त्याला वसतिगृहाच्या तळमजल्यावर घेऊन गेला. तिथे लांब टेबलाभोवती सहा जण भौतिकशास्त्राची गणिते सोडवत बसले होते, दुसऱ्या दिवशी ती द्यायची होती. एक मुलगी फळ्यावर आकृती काढून समजावत होती, मध्येच अडली, मग कोपऱ्यातल्या मुलाने उठून पुढचे पाऊल लिहिले. कुणी उत्तर उतरवून घेत नव्हते. साडेअकराला कुणीतरी पॉपकॉर्न आणले. तो पाहुणा असूनही त्याला खडू देऊन विचारले, ‘तुला काय वाटते?’ दुसऱ्या कॉलेजात त्याच वेळी सगळे आपापल्या खोलीत हेडफोन लावून बसलेले होते. तेही वाईट नव्हे, काहींना तसाच अभ्यास जमतो. पण त्याला कसे शिकायला आवडते, हे त्याला त्या रात्री कळले, आणि निवड त्याने स्वतः केली. तळमजल्यावरचे ते टेबल कुठल्याच कार्यक्रमपत्रिकेत नव्हते.

असे टेबल तुला दिसेलच असे नाही, पण शोध. लायब्ररीत रात्री दहाला एक फेरी मार. वसतिगृहाच्या मजल्यावर किती दारे उघडी आहेत ते बघ. सूचनाफलक वाच, त्यावर पोस्टर या महिन्याचे आहेत की मागच्या वर्षीचे ते बघ. कपडे धुण्याच्या खोलीत किती यंत्रांवर ‘बंद आहे’ लिहिले आहे ते बघ. डायनिंग हॉलमध्ये आठ वाजता जा, सहाला नको. सहाला सगळे भांडार भरलेले असते, शाकाहारी मुलीला आठला काय उरते ते महत्त्वाचे. सॅलड आणि पिझ्झा याखेरीज डाळ, राजमा, टोफू असे काही आहे का, आणि रोज असते की आज पाहुणे आले म्हणून केले आहे, ते तिथे जेवणाऱ्या मुलांनाच विचार.

प्रश्न विचारताना ‘इथे कसे आहे?’ असे विचारू नकोस, उत्तर ‘मस्त’ एवढेच मिळते. काल रात्री साडेनऊला तू कुठे होतीस? या सत्रात हवे होते त्यांपैकी किती कोर्स मिळाले? प्राध्यापकाशी वर्गाबाहेर शेवटचे कधी बोललीस? आजारी पडलीस तेव्हा आरोग्य केंद्रात किती वेळ थांबावे लागले? समुपदेशकाची वेळ किती दिवसांनी मिळते? पुढच्या वर्षी कुठे राहणार आहेस? या शेवटच्या प्रश्नावर मुले मनापासून बोलतात. पहिल्या वर्षाला कॉलेज खोली देते, दुसऱ्या वर्षापासून काही ठिकाणी बाहेर घर शोधावे लागते आणि त्याचा खर्च तुझ्या आईबाबांच्या हिशेबात अजून नाही. आणि विषय बदलायचा झाला तर? मोठ्या सरकारी विद्यापीठांत कॉम्प्युटर सायन्ससारख्या विषयात आधी थेट प्रवेश नसेल तर नंतर शिरणे फार कठीण असते. हे विभागाच्या सभेत विचार आणि तेच रात्री दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांनाही विचार. दोन उत्तरे जुळली नाहीत तर मुलांचे उत्तर वहीत आधी लिही.

प्रत्येक कॉलेजचे म्हणून काहीतरी खास असते आणि रात्री तेच बघायचे असते. येलला गेलीस तर विद्यार्थी चौदा रेसिडेन्शिअल कॉलेजांत (राहण्याच्या गटांत) वाटलेले असतात, प्रत्येकाचा स्वतःचा डायनिंग हॉल. तुझी होस्ट तिच्या गटाशी किती बांधलेली आहे ते बघ. प्रिन्स्टनला प्रॉस्पेक्ट अव्हेन्यूवर आणि आसपास अकरा ईटिंग क्लब (विद्यार्थ्यांचे जेवणाचे क्लब) आहेत, तिसऱ्या-चौथ्या वर्षाची पुष्कळ मुले तिथे जेवतात. जी जात नाहीत ती कुठे जेवतात, हे विचार. एमआयटीच्या काही वसतिगृहांत डायनिंग हॉलच नाही, मुले स्वतः स्वयंपाक करतात. तिथल्या स्वयंपाकघरात रात्री नऊला गेलीस की कोण काय शिजवते, कोण कुणाला वाढते, सगळे दिसते. डार्टमथला दुसऱ्या वर्षानंतरचा उन्हाळा कॅम्पसवर काढावा लागतो आणि त्याबदल्यात दुसरे सत्र बाहेर घालवता येते, त्यामुळे मैत्रिणी एकाच वेळी कॅम्पसवर नसतात. ते कसे वाटते ते तिसऱ्या वर्षाच्या मुलीलाच कळलेले असते. मिनेसोटातल्या कार्लटनला डेसी मोझेस हाउस नावाचे एक घर आहे, कुठलाही विद्यार्थी तिथे जाऊन बिस्किटे भाजू शकतो, सामान घरातच ठेवलेले असते. तिथे अर्धा तास बसलीस तर त्या कॉलेजचा स्वभाव कळतो.

आणि रटगर्सला, म्हणजे आपल्या न्यू जर्सीच्या सरकारी विद्यापीठाला, हिशेबातून काढू नकोस. घराजवळचे म्हणून आपली मुले तिथे राहायला जातच नाहीत, ‘ते तर माहीत आहे’ म्हणतात. न्यू ब्रन्सविकचा कॅम्पस रॅरिटन नदीच्या दोन्ही काठांवर पसरलेला आहे, बुश आणि लिव्हिंग्स्टन पिस्कॅटवेच्या बाजूला, कॉलेज अव्हेन्यू, कुक आणि डग्लस न्यू ब्रन्सविकच्या. वर्गातून वर्गाला जायला बस लागते. ओळखीच्या एखाद्या ताईकडे एक रात्र राहा आणि सकाळी तास सुटायच्या वेळेला तिच्याबरोबर त्या बसमध्ये उभी राहा. लांबच्या कॉलेजशी तुलना करायची तर घरच्या कॉलेजलाही तितकीच संधी दे.

होस्ट चांगली निघाली नाही तर काय? होते तसे. एका मुलीची होस्ट किल्ली देऊन तालमीला निघून गेली, ती रात्री एकला परतली. मुलगी नाराज झाली, तरी उठून शेजारच्या खोलीचे दार वाजवले, ‘मी पाहुणी आहे, इथे बसू का?’ म्हणाली, आणि तिची संध्याकाळ चांगली गेली. होस्ट ही एक व्यक्ती आहे, तिच्यावरून कॉलेज ठरवू नकोस. पण शेजारच्या खोलीतल्यांनी कसे वागवले, ते मात्र धर. काही अडलेच तर मजल्यावरची आरए (मजल्याची जबाबदारी असलेली मोठी विद्यार्थिनी) असते, तिचे नाव आणि खोली आल्याआल्या विचारून ठेव, आणि प्रवेश कार्यालयाचा रात्रीचा नंबर फोनमध्ये घाल.

दारूविषयी स्पष्ट लिहिते. अमेरिकेत सगळीकडे वयाची अट एकवीसची आहे आणि येण्याआधी तू जो फॉर्म भरलास त्यात ती पाळण्याची हमी आहे. पाहुण्या मुलीने प्यायली तर तिचा प्रवेश रद्द होऊ शकतो आणि होस्टवरही कारवाई होते. गांजा, व्हेप आणि दुसऱ्याच्या औषधाची गोळी यांनाही तेच लागू. कुणी दिलीच तर ‘सकाळी नऊचा वर्ग बघायचा आहे’ एवढे म्हणणे पुरते, कॉलेजात यापलीकडे कुणी विचारत नाही. होस्ट पार्टीला जाणार असेल आणि तुला जायचे नसेल तर तसे सांग आणि लाउंजमध्ये बस. त्यावर लोक कसे वागतात, तेही वहीत लिहिण्यासारखे आहे.

सकाळी लवकर ऊठ. वर्ग निवडताना दोन गोष्टी बघ: पहिल्या वर्षाला तुला खरोखर घ्यावा लागेल असा, आणि तुझ्या विषयातला. मोठ्या सभागृहात मागच्या रांगेत बसलीस की किती पडद्यांवर नोट्स आणि किती पडद्यांवर खरेदी चालली आहे ते दिसते. तास संपल्यावर दोन मिनिटे थांब, मुले प्राध्यापकाकडे जातात की दाराकडे, ते बघ.

परतीच्या प्रवासात, कुणाशीही बोलायच्या आधी, वही उघड. दोन्ही कॉलेजांसाठी प्रश्न तेच ठेव: अभ्यास कसा चालतो, रात्री काय चालते, मी कुणाशी बोलले, काय खटकले, एका साध्या बुधवारी मी इथे कशी असेन. आवडले-नावडले हे शेवटी लिही. आई-बाबांना वही आधी वाचू दे, मग बोला.

ताई, आता पुन्हा तुमच्याशी. ती गाडीत बसल्याबसल्या ‘कसे होते?’ विचारू नका. जेवू द्या, झोपू द्या. ती जे कॉलेज निवडेल तिथली तिची कागदपत्रे आणि गुण १९७४च्या फर्पा कायद्याने तिच्या हातात जातात. कॉलेजात शिकायला लागली की वय काहीही असो, तिच्या परवानगीशिवाय कॉलेज तुम्हाला ते सहसा दाखवणार नाही. कुठल्या गोष्टी ती स्वतः सांगेल आणि कुठल्या तुम्ही विचाराल, हे बोलणे याच आठवड्यात सुरू होऊ शकते.

पुण्या-नाशिकहून याच प्रवेशांसाठी अर्ज केलेली मुलेही मला विचारतात. एका रात्रीसाठी व्हिजा आणि तिकीट काढणे बहुतेकांना परवडत नाही, आणि त्यांनी तसे करावे असे मला वाटतही नाही. त्यांनी कॉलेजकडून तीन विद्यार्थ्यांची ईमेल मागावी, त्यांतला एक तरी भारतातून आलेला असावा. वरचेच प्रश्न व्हिडिओ कॉलवर विचारावेत आणि एक जास्तीचा: डिसेंबरच्या सुट्टीत वसतिगृह बंद होते का, आणि झाले तर तू कुठे राहतोस?

निर्णय झाला की १ मेच्या आत डिपॉझिट (जागा पक्की करण्याची रक्कम) एकाच कॉलेजला भरा, दोन ठिकाणी भरून ठेवू नका. वसतिगृहाच्या खोल्या डिपॉझिटच्या क्रमाने देतात का ते आधी विचारून घ्या, देत असतील तर शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. होस्टला दोन ओळींचा आभाराचा मेसेज मुलीने स्वतः पाठवावा. उरलेल्या चारही कॉलेजांच्या पोर्टलवर ‘येत नाही’ असे त्याच दिवशी नोंदवा. तिथल्या प्रतीक्षायादीतली मुले त्याच जागांकडे डोळे लावून बसलेली असतात.